महाबळेश्वरची थंडी, सेप्टिक टँक आणि जुलैचा पाऊस

लिंगमळ्याजवळच्या तुमच्या घराच्या सेप्टिक टँकबद्दल विचारलंत. वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठतं, म्हणून अमेरिकेतल्या मुलाने टाकीवर पेंढा पसरायला आणि व्हेंट पाइपला गोणपाट गुंडाळायला सांगितलंय. पेंढ्याची गरज नाही. पाइपचं तोंड तर अजिबात झाकू नका, टाकीतला वायू तिथूनच बाहेर पडतो.

मुलाचं त्याच्या जागी बरोबर आहे. मिनेसोटासारख्या भागात जमीनच 3-4 फूट खोल गोठते. म्हणून तिकडे टाकीवर 8 ते 12 इंच पेंढा घालतात, वरचा बर्फ उलट राहू देतात कारण तो ऊब धरतो, आणि गळके नळ आधी दुरुस्त करतात. थेंब थेंब जाणारं पाणी पाइपातच गोठत जातं. आपल्याकडे निरभ्र रात्री गार हवा तळ्याकाठच्या सखल भागात साचते आणि गवतावरचं, गाड्यांच्या टपांवरचं दव पांढरं होतं. हातभर खाली मातीला त्याचा पत्ताही नसतो. थंडीने टाकीतले जिवाणू थोडे मंदावतात, तेवढंच. नाताळात घर पाहुण्यांनी भरलं असेल तेव्हा संडासात ॲसिड आणि फिनेल ओतू नका, म्हणजे झालं.

तुम्ही खरं जपायचंय ते जुलैला. महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जमीन तुडुंब झाली की शोषखड्डा (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) पाणी घेत नाही आणि घाण घराकडे उलटते. पावसाची झड लागलेली असताना टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळचं झाकण उघडून बॅटरीने बघा (काडी पेटवू नका, आत मिथेन असतो). पाणी पाइपाच्या तळाशी टेकलेलं असेल तर सगळं ठीक. पाइप बुडालेला असेल तर शोषखड्डा तुंबलाय. पाणी पाइपातून आत येताना दिसलं, तर बाहेरचं पाणी टाकीत शिरतंय.

अशा वेळी लोक शोषखड्डा नवा खणायला निघतात. त्याआधी पन्हाळीचं पाणी कुठे जातं ते बघा. पुष्कळदा ते शोषखड्ड्याच्याच अंगावर सोडलेलं असतं. ते दूर वळवा, वरच्या अंगाला चर काढा, झाकणांच्या सांधी सिमेंटने भरा. पावसाआधी घराला गवताच्या झड्या (भिंती झाकणारे आडोसे) बांधायच्या आत ही कामं उरकलेली बरी.

गाळ उपसायचा तो दिवाळीनंतर, जमिनीतलं पाणी उतरल्यावर. भर पावसात टाकी रिकामी करू नका, विशेषतः प्लास्टिकची. भोवतीचं पाणी रिकाम्या टाकीला वर ढकलतं. 3,000 लिटरची टाकी पूर्ण पाण्यात असेल तर हा जोर 3 टनांच्या घरात जातो. टाकी उचलली गेली की पाइपांचे सांधे निखळतात.

आणि एक कळकळीने सांगतो. गाळ उपसणारा गाडीवाला म्हणाला की माणूस उतरवून तळ खरवडून देतो, तर ठाम नाही म्हणा. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. तळाशी थोडा गाळ राहिला तर राहू दे, त्याने काही बिघडत नाही.