नेमबाजी, तुमचे प्रश्न: गोळी बदलू की हात?

प्रश्न: ताई, माझी मुलगी १४ वर्षांची आहे, दीड वर्ष झालं १० मीटर एअर रायफल करतेय, घणसोलीहून पनवेलला रेंजवर जाते. स्कोअर ५७५ च्या आसपास अडकलाय, पुढे सरकायचं नाव नाही. तिथले एक पालक म्हणाले गोळ्या टेस्ट करून घ्या, बॅच जुळली की स्कोअर आपोआप चढतो. गोळ्यांच्या टिनचे (डब्याचे) पैसे ऐकून पोटात गोळा आला. खरंच एवढा फरक पडतो का? (एक बाबा, घणसोली)

उत्तर: पडतो, पण तुमच्या लेकीला आत्ता किती पडेल ते बघू, कारण पैसे तुमचे जाणारेत.

टार्गेटवरचा १० चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, आणि पॅलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची गोळी, ४.५ मिमीची. छिद्राचा मध्य बरोब्बर मध्यावर बसला तर १०.९, आणि तिथून पाव मिलिमीटर सरकलं की एक दशांश गेला. ६० शॉटमध्ये ५७५ म्हणजे शॉटमागे सरासरी ९.६, म्हणजे तिचे शॉट मध्यापासून सरासरी साडेतीन मिमी लांब पडतायत. समजा चांगल्या पॅलेटचा स्वतःचा फैलाव अर्धा मिमी आहे आणि सुमार पॅलेटचा एक मिमी. आता हाताचा आणि गोळीचा या दोन दोषांची सरळ बेरीज होत नाही, कधी हात डावीकडे जातो तेव्हा गोळी उजवीकडे जाते, म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं (दहावीतल्या पायथागोरसला इथे भेटा). तसं केलं तर ६० शॉटमध्ये फरक येतो दोन-अडीच पॉइंटचा. हाच हिशोब ६२८ मारणाऱ्या पोरीसाठी केला तर तिचा फरक सहाच्या आसपास जातो, आणि त्या लेव्हलला सहा पॉइंट म्हणजे फायनल की घरी जायचं एवढा प्रश्न. म्हणून मोठे शूटर बॅच टेस्ट करतात त्यात नखरा काही नाही, पण ५७५ वाल्या मुलीचे जवळजवळ सगळे पॉइंट तिच्या पोझिशनमध्ये, श्वासात आणि ट्रिगरवर अडकलेत.

तरी टेस्ट करायचीच असेल तर नीट करा. मी बघते लोक काय करतात, तीन कंपन्यांचे तीन टिन घेतात, मुलीला उभं करतात, प्रत्येकी पाच शॉट मारायला लावतात आणि ज्याचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) लहान दिसला तो विकत घेतात. अहो, यात तुम्ही पॅलेट नाही, पोरीचा मूड टेस्ट केलात! रायफल वाइसमध्ये (शिकंज्यात) बांधायची, हवेचा सिलिंडर भरलेला ठेवायचा कारण प्रेशर फारच उतरलं की वेग हलू शकतो, बॅरल बदलली किंवा साफ केली असेल तर आधी दहा-पंधरा शॉट नुसते मारून टाकायचे. मग एका टिनचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, प्रत्येकाला नवा कागद. व्हर्नियरने छिद्रांच्या सगळ्यात लांबच्या दोन बाहेरच्या कडा मोजून त्यातून ४.५ वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळतं. पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप नशिबाने कुणालाही येतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे पॅलेटच्या हेडचा (पुढच्या टोकाचा) साइझ ४.४९ मिमीवरून ४.५० केला तर कंपनी तीच ठेवा, नाहीतर शेवटी कशामुळे सुधारलं ते कळतच नाही.

चांगला लागला तर त्याच बॅचचे तीन-चार टिन एकदम घ्या. टिनवरचा नंबर बघून घ्या, नाव तेच असलं तरी नवी बॅच वेगळी वागू शकते.

आणि टिन पाडू नका. हे मी अनुभवाने सांगते. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर माझा ५०० चा टिन सुटला, अर्ध्या गोळ्या पायरीवर, लोकांच्या पायाखाली, मी तिथे बसून एकेक गोळा केल्या कारण तेव्हा पैसे जिवावर यायचे. त्यानंतर पंधरा दिवस अधूनमधून एखादा शॉट ८ ला जायचा आणि मी ट्रिगरला शिव्या देत बसले होते. शेवटी सरांनी काचेवर एक पॅलेट लोळवली, ती एकसारखी लोळायच्या ऐवजी अडखळत, वेडीवाकडी गेली. मागचा पोकळ स्कर्ट, आपला घागराच म्हणा, एका बाजूने दबला होता. शिसं इतकं मऊ असतं की हातात कळत नाही, काचेवर कळतं. आणि शिसंच आहे म्हणून शूटिंगनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय पोरीला वडापाव खाऊ देऊ नका.

प्रश्न: ताई, माझा साडू अमेरिकेत असतो, प्रेअरी डॉगची शिकार करतो आणि काडतुसं घरीच भरतो. म्हणतो शंभर यार्डावर अर्ध्या इंचाचा ग्रुप येतो, विकतच्या काडतुसाने कधीच आला नव्हता. ते नेमकं करतात काय? आणि इथे करता येईल का? मुरबाडला आमच्या शेतात डुकरं फार त्रास देतात. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: इथे करता येईल का, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही.

आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ खाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो, परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं म्हणजे सरळ गुन्हा. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ ने शिकार बंदच आहे. एअरगनला परवाना लागत नाही (तीही ४.५ मिमी बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि २० जूल ताकदीच्या आतली असेल तरच) म्हणून तिने पक्षी मारणारेही या शिकारबंदीतच येतात. डुकरांसाठी वन खात्याकडे अर्ज करा, लेखी परवानगीशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही.

आता साडू काय करतो ते. प्रेअरी डॉग म्हणजे नावातच डॉग, जात खारीची, कुरणात बिळं पोखरतो म्हणून तिथल्या काही राज्यांत त्याला मारायची मुभा आहे. प्राणी हातभर, अंतर दोनशे-तीनशे यार्ड, मग अर्धा इंच महत्त्वाचा होतो. काडतुसाचे चार भाग असतात, पितळी केस, प्रायमर (ठोकला की पेटणारा भाग), बंदुकीची दारू आणि बुलेट. फॅक्टरी हे सगळं सरासरी रायफलसाठी जुळवते, साडू त्याच्या एकाच रायफलसाठी जुळवतो. एकाच लांबीला कापलेल्या केसेस घेतो, छापील मॅन्युअलमधल्या कमीतल्या कमी मापापासून सुरू करतो, आणि दारू एवढ्या बारीक पायऱ्यांनी वाढवतो की एक पायरी म्हणजे ०.३ ग्रेन, जेमतेम एका तांदळाच्या दाण्याचं वजन. कुठल्यातरी पायरीला छिद्रं वर-खाली पसरायची थांबतात. मग बुलेट केसमध्ये किती खोल बसवायची ते बदलून बघतो. वरच्या मर्यादेपलीकडे गेला तर प्रेशर वाढून रायफल त्याच्या चेहऱ्याजवळ फुटू शकते, हा खेळ अंदाजपंचे करायचा नाहीच. आणि बुलेट जड घेतली की ती स्थिर राहायला बॅरलच्या आतल्या खाचांचे पीळ घट्ट लागतात, .२२३ काडतुसाच्या रायफलमध्ये १२ इंचात एक वेढा असेल तर ५५ ग्रेनची बुलेट छान जाते, ७५ ची बहुतेक गटांगळ्या खाते.

विकतच्या काडतुसाला कमी लेखू नका पण. पॅरिस २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) कांस्य आणलं, त्या इव्हेंटची .२२ ची काडतुसं घरी भरणं जमण्यासारखं नसतं, प्रायमर केसच्या कडेतच असतो आणि कड एकदा ठोकली की संपली. म्हणून ५० मीटरवाले लॉट (म्हणजे बॅच) टेस्ट करतात, म्हणजे साडू जे बनवून साधतो ते हे निवडून साधतात. घणसोलीच्या बाबांना वर सांगितलं तेच.

प्रश्न: खारघरला फ्लॅटमध्ये घरी प्रॅक्टिस करता येईल का? हॉल जेमतेम ५ मीटर आहे. (एक विद्यार्थी)

उत्तर: गोळी मारू नकोस, काडतूस नसलं तरी तू भिंतीवर शिसं मारतोयस आणि पलीकडे कुणीतरी राहतं. ड्राय फायर कर, म्हणजे गोळी न भरता नुसता नेम धरून ट्रिगर ओढायचा. १० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, ५ मीटरवर साधारण १५ मिमीचा गोल कागदावर काढून चिकटव, तेवढाच दिसतो. मॅच रायफलला (स्पर्धेच्या रायफलला) ड्राय फायरची सोय असते, स्प्रिंगवाल्या साध्या एअरगनला रिकामं चालवू नकोस, आतलं पिस्टन मोडेल. आणि खिडकीचा पडदा लावून घे, नाहीतर शेजारच्या काकूंनी काढलेला तुझा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर तू खाली उतरायच्या आत पोचलेला असेल.