हवामानाच्या फाइलमधून फक्त महाराष्ट्र काढायचा, तर त्याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की विद्यार्थ्यांसाठी पायथनच्या नोट्स मराठीत लिहायच्या आहेत, त्यात भारतीय हवामान विभागाच्या देशभराच्या ग्रिडेड (म्हणजे नकाशावर चौकोनी जाळी टाकून घराघरांत मांडलेल्या) पावसाच्या फाइलमधून कोड लिहून फक्त महाराष्ट्राचा भाग घ्यायचा आहे, आणि या 'सबसेट करणं'ला उपसंच म्हणावं, काटछाट म्हणावं की कात्रण?

माझं उत्तर उतारा. सातबाऱ्याचा काढतात तोच. गावाचं सगळं रेकॉर्ड असतं तिथेच राहतं, आपण फक्त आपला गट नंबर सांगतो आणि तेवढ्या जमिनीची नोंद हातात येते, मूळ नोंदीला कुणी हात लावत नाही. कोडमध्ये अगदी हेच चालतं. एक्सअरेने (xarray, असा डेटा वाचणारी पायथनची लायब्ररी) फाइल उघडली तरी ती अख्खी मेमरीत येत नाही, आपण अक्षांश-रेखांश सांगितले की तेवढाच भाग वाचला जातो आणि डिस्कवरची मूळ फाइल जशीच्या तशी राहते. काटछाट म्हटलं की बजेटची आठवते, म्हणजे जे होतं तेच कमी झालं. कात्रण शब्द मला फार आवडतो पण कात्रण काढलं की पेपरला भोक पडतं, इथे तसं काही होत नाही. शिवाय 'उतारा काढणे' हे क्रियापदासकट तयार आहे, नवीन काही घडवायलाच नको.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ म्हणजे शब्द कुठे बसतो ते कळेल. विभागाचा रोजच्या पावसाचा हा डेटा १९०१ पासूनचा आहे, ०.२५ अंशांच्या ग्रिडवर, अक्षांश ६.५ ते ३८.५ उत्तर आणि रेखांश ६६.५ ते १०० पूर्व, म्हणजे एका दिवसाला १२९ गुणिले १३५, एकूण १७,४१५ घरं (सेलला मी घरच म्हणतो, पटावर म्हणतात तसं). त्यातून महाराष्ट्रासाठी अक्षांश १५.५ ते २२.२५ आणि रेखांश ७२.५ ते ८१ असा स्लाइस (कुठून कुठपर्यंत ते सांगणारी कोडमधली जोडी) दिला की २८ गुणिले ३५, म्हणजे ९८० घरं उरतात. या चार आकड्यांनी जी हद्द आखली तिला चौकट म्हणा, 'बाउंडिंग बॉक्स'ला याहून सोपा शब्द मला तरी दिसत नाही.

उपसंच चूक नाही, नववीच्या गणितात शिकलेला शब्द आहे, पण एक अडचण आहे. रिकामा संचसुद्धा प्रत्येक संचाचा उपसंच असतो! आणि कोडमध्ये हे खरोखर घडतं. युरोपियन सेंटर या हवामान अंदाज संस्थेच्या इआरए-५ (ERA5) या जगभराच्या हवामान डेटात अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत्या क्रमाने असतात, तिथे १५.५ ते २२.२५ असा चढता स्लाइस दिला तर कसलीही एरर येत नाही, गुपचूप शून्य घरांचा तुकडा मिळतो, आणि गणिताच्या हिशेबाने तो उपसंच म्हणून अगदी बरोबर ठरतो. उतारा म्हटलं की त्यात काहीतरी उतरलेलं असायलाच हवं ही अपेक्षा शब्दातच आहे, त्यामुळे 'उतारा कोरा आला, क्रम उलटा करून २२.२५ ते १५.५ द्या' हे वाक्य विद्यार्थ्याला लगेच समजतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिथे मराठी नोट्समध्ये हमखास गोंधळ होतो. चौकटीचा उतारा म्हणजे महाराष्ट्र नव्हे. वरच्या चौकटीत हैदराबाद येतं, सुरत येतं, बेळगाव, कलबुर्गी, छिंदवाडा, गोव्यातला पेडणेसुद्धा येतो, त्यामुळे ९८० घरांची सरासरी काढून 'महाराष्ट्रातला पाऊस' असं शीर्षक दिलं तर ते खोटं ठरतं. त्यासाठी राज्याच्या सीमेची शेपफाइल (हद्दीची रेघ साठवलेली नकाशाची फाइल) घेऊन बाहेरची घरं मास्क करावी लागतात, म्हणजे हिशेबातून वगळावी लागतात. मास्कला मुखवटा असं भाषांतर कृपा करून करू नका, मुखवट्याने एक चेहरा झाकून दुसरा दाखवतात, इथे दुसरं काही दाखवायचंच नसतं, बाहेरच्या घरांत नॅन (NaN, 'इथे आकडा नाही' अशी खूण) भरलं जातं आणि ती सरासरीतून गळतात, पण ग्रिडचा आकार २८ गुणिले ३५ तसाच राहतो. म्हणून साधं 'झाकणे' लिहा, हद्दीबाहेरची घरं झाकली. आणि हो, हवामान विभागाच्या बायनरी फाइलमध्ये जिथे डेटा नाही तिथे उणे ९९९ भरलेलं असतं, तेही सरासरीआधी झाकायचं, नाहीतर कोकणातसुद्धा पाऊस उणे दिसेल.

नोट्समध्ये मी असं लिहीन: 'आधी चौकट देऊन उतारा काढा, मग हद्दीबाहेरची घरं झाका, आणि त्यानंतरच सरासरी घ्या.' ग्रिड, फाइल, स्लाइस हे शब्द तसेच ठेवा, स्लाइस तर कोडमध्येच लिहावा लागतो, त्याला काप वगैरे म्हटलं तर स्क्रीनवर एक आणि वहीत दुसरंच अशी पोराची ओढाताण होते. विषावरचा उतारा हाही अर्थ आहे म्हणून कुणी शंका काढेल, पण 'पावसाच्या डेटाचा उतारा' वाचून कुणाला औषध आठवणार नाही, जसं मराठीच्या पेपरात 'खालील उतारा वाचा' म्हटल्यावर आठवत नाही.