पहिल्या दोनशे मीटरची भीती

पत्र :

"मी ४२ वर्षांची, साताऱ्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा पूर्ण केली आहे, यवतेश्वरचा घाट सायकलने चढते. पोहायला मात्र अडतिसाव्या वर्षी शिकले, तेही २५ मीटरच्या तलावात. यंदा गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं, एकापाठोपाठ) नाव घातलं. मिरामारला पाण्यात उतरले आणि दोनशे मीटरवर श्वासच येईना. छातीवर कुणी बसलंय असं वाटलं. हात वर केला, बोटीने मला किनाऱ्यावर आणलं. सायकलला हातसुद्धा लागला नाही. यजमान म्हणाले, 'पैसे अक्षरशः पाण्यात गेले.' सासूबाई म्हणतात, लेकीचं दहावीचं वर्ष आहे, आता पुरे झालं. पण सगळ्यात लागतंय ते वेगळंच. माझ्या नववीच्या वर्गाने निघताना मोठं शुभेच्छापत्र करून दिलं होतं. परत आल्यावर मुलांनी विचारलं, 'मॅडम, झाली का स्पर्धा?' मी 'झाली' म्हणाले. तेव्हापासून त्या वर्गात फळ्याकडे तोंड करूनच शिकवते. पुढच्या वर्षी पुन्हा जावं का? की हे आपलं काम नव्हे?"

— एक शिक्षिका, सातारा

ताई,

उत्तर आधी सांगते : जा.

मात्र समुद्राच्या आधी डॉक्टरांकडे जा. 'छातीवर कुणी बसलंय' हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. बहुतेक वेळा ती घाबरल्याची धाप असते, पण चाळिशीनंतर हे गृहीत धरायचं नसतं. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एवढं करून घ्या. डॉक्टरांना नेमकं सांगा, की त्रास किती वेळ टिकला आणि किनाऱ्यावर आल्यावर किती मिनिटांत श्वास जागेवर आला. बाहेर आल्यावर खोकला सुटला होता का? थुंकीत गुलाबी फेस होता का? छातीत घरघर होती का? असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. काही जणांच्या फुप्फुसात पोहताना पाणी साचतं, आणि ते नाकातोंडातून गेलेलं नसतं, शरीरातलंच असतं. एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं, म्हणून हृदयाची नीट तपासणी होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. यातलं काहीच नसेल आणि पाच-दहा मिनिटांत सगळं शांत झालं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा कारण थेट सांगते. श्वास घ्यायची घाई होते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन तोवर पुरेसा असतो. मोठेपणी पोहायला शिकलेली बरीच माणसं तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरतात, आणि तोंड वळवलं की त्या अर्ध्या सेकंदात सोडणं-घेणं दोन्ही उरकू बघतात. सोडणं अर्धवट राहतं, त्यावर नवी हवा भरली जाते. तलावात ही चूक झाकली जाते, कारण दर २५ मीटरला भिंत येते आणि वळताना एक पुरा श्वास मिळतो. मिरामारला भिंत नाही. मांडवीच्या मुखाचं गढूळ पाणी, तलावासारखी तळाला काळी रेघ नाही, आजूबाजूला दुसऱ्यांचे हातपाय, आणि सुरुवातीची घाई. नाडी पहिल्याच मिनिटात वर चढते आणि तुंबलेला सगळा हिशेब दीडशे-दोनशे मीटरवर एकदम अंगावर येतो. तुम्हाला वाटलं हवा आत जात नाहीये. खरं म्हणजे आतली बाहेर पडत नव्हती.

म्हणजे हा धैर्याचा प्रश्नच नाही. घाट चढणाऱ्या बाईच्या फुप्फुसांत आणि हृदयात काय कमी असणार? कमी होती ती एक सवय, आणि ती तलावातच लावता येते.

पत्रातलं दुसरं एक वाक्य मला खटकलं : 'हात वर केला, बोटीने आणलं.' हात वर करणं म्हणजे माघार नव्हे. हात वर केला की कयाक, म्हणजे मदतनिसाची छोटी होडी, जवळ येते. कयाक किंवा बोया (मार्गाची तरंगती खूण) धरून तुम्ही हवं तितकं थांबू शकता. तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही, एवढीच अट. बोटीत चढलात की मात्र स्पर्धा संपते. फ्रीस्टाइलच मारायची अशीही सक्ती नाही. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर पडून पोहलेलं चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्या कितीतरी जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता हिशेब. १.९ किमीला १ तास १० मिनिटं मिळतात, म्हणजे १०० मीटरला सुमारे ३ मिनिटं ४० सेकंद. वेळ तुमची चिप (पायाला बांधलेली, वेळ नोंदवणारी) सुरुवातीची रेघ ओलांडते तेव्हापासून मोजतात, म्हणून मागे उभं राहिल्याने काही बुडत नाही. समुद्रात कुणी सरळ रेघेत पोहत नाही, तेव्हा २.१ किमी धरा. ३ मिनिटांना १०० मीटर या अगदी सावकाश वेगाने ते ६३ मिनिटांत होतं. सात मिनिटं हातात राहतात, आणि कयाक धरून दोनदा दम खायला तेवढी पुरतात. तलावात २५ मीटरच्या ७६ फेऱ्या ५५ मिनिटांत न थांबता झाल्या की वेगाची चिंता सोडा.

सराव असा करा. पहिले दोन आठवडे अंतर मोजूच नका. छातीभर पाण्यात उभं राहा, तोंड पाण्यात घाला आणि नाकाने गुणगुणत हवा सोडा. आवाज येतोय तोवर श्वास सुटतोय, आवाज थांबला की तुम्ही रोखलात. मग तेच पोहताना करा : २५ मीटरच्या दहा फेऱ्या, वेगाचा विचार न करता. तोंड बाहेर येईल तेव्हा फक्त घ्यायचं काम उरलं पाहिजे. दर तिसऱ्या हाताला श्वास घ्यायचा हट्ट धरू नका, दमछाक होत असेल तर दर दुसऱ्या हाताला घ्या. पण दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, कारण लाट ज्या बाजूने येईल त्या बाजूला तोंड उघडलं की घोटभर खारं पाणी ठरलेलं.

तिसऱ्या आठवड्यापासून भिंत काढून टाका. म्हणजे भिंतीच्या एक मीटर अलीकडेच, हात न लावता वळायचं. सुरुवातीला २०० मीटर असं केलं तरी मिरामारची आठवण येईल. तेच हवं आहे. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचा सराव : ५० मीटर मुद्दाम जोरात मारा आणि न थांबता लगेच १५० मीटर सावकाश, असं चार वेळा. धाप लागलेली असताना पोहत पोहतच ती खाली आणता येते, हे अंगाला एकदा कळलं की भीतीचं अर्धं बळ जातं. मध्येच खोल पाण्यात पाठीवर व्हा, दहा श्वास मोजा, पुन्हा पालथ्या होऊन निघा. मैत्रिणींना सांगून तिघी एकाच लेनमध्ये पोहा, पायाला हात लागू द्या, धक्के बसू द्या. आणि दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढून समोरची खूण बघायची सवय लावा. पूर्ण डोकं उचललंत तर कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि दम दुप्पट लागतो.

समुद्र डिसेंबर ते मे. पावसाळ्यात कोकणाच्या किनाऱ्यावर उतरायचं नाही, कितीही पोहता येत असलं तरी. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात समुद्री जलतरण स्पर्धा होतात; त्यातल्या लहान अंतराच्या गटात नाव घाला. तिथे क्रमांक काढायचा नाही, गर्दीत सुरुवात कशी असते ते अंगवळणी पाडायचं. एरवी किनाऱ्याला समांतर, स्थानिक माहितगार माणसाला भरती-ओहोटी विचारून, कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधून, आणि कधीही एकटीने नाही. साताऱ्याजवळच्या धरणांनाही हेच लागू. पहिल्या सहा वेळा किती पोहलात ते लिहून ठेवू नका. गळ्याला आणि काखेत व्हॅसलीन लावा, मिठाने कातडं सोलवटतं. गॉगल काळ्या किंवा आरशाच्या काचेचा घ्या, सकाळचं ऊन समोरून आलं की साध्या काचेतून बोया दिसत नाही.

गोव्याच्या कोमट पाण्यात वेटसूटचा (तरंगायला मदत करणाऱ्या रबरी पोशाखाचा) आयता आधार मिळेल असं धरून चालू नका. स्पर्धेच्या सकाळी परवानगी असेल तर पाच मिनिटं आधी पाण्यात जा, तोंड बुडवून गुणगुणा. नसेल तर बाटलीतलं पाणी तोंडावर आणि मानेवर घ्या. संथ लोकांच्या रांगेत, कडेला उभ्या राहा. पहिले २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकने गेलात तरी चालेल. माझं मत विचाराल तर तुम्ही तसंच जा.

आता घर. यजमानांचं वाक्य बोचरं आहे, पण त्या सकाळी ते कुठे होते ते आठवा. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला शेकडो सारख्या टोप्यांमधली आपली टोपी ओळखता येत नाही, आणि मग बोटीतून आपली बायको उतरताना दिसते. त्यांना विचारा, 'तेव्हा काय वाटलं?' पैशाबद्दल नंतर बोला. वर मी सांगितलंय ते श्वासाचं कारण त्यांना समजावून सांगा, डॉक्टरांचे रिपोर्ट दाखवा, आणि मालवणला त्यांना सोबत न्या. तुम्ही पाण्यात थांबता, पाठीवर होता आणि पुन्हा निघता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.

सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि स्पर्धा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. सुदैवाने या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. फक्त तसं वेळापत्रक लिहून फ्रीजवर लावा. मार्चपर्यंत आठवड्याला पाच तास, त्याहून मिनिटभर जास्त नाही : पहाटे तीनदा पाऊण तास पोहणं, एकदा तासभर धावणं, रविवारी पावणेदोन तास सायकल. मालवणच्या जास्तीच्या फेऱ्या परीक्षेनंतर. जून ते ऑगस्ट सात-आठ तास. पावसात निसरडा घाट उतरण्यापेक्षा घरात ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) सायकल लावा. शेवटचे दोन महिने नऊ-दहा तास, त्यात तीन-चार रविवार ८० ते ९० किमी सायकल आणि उतरल्या उतरल्या ५ किमी धावणं. हे रविवार कोणते, ते घरी आत्ताच सांगून टाका. लग्नकार्यात ऐनवेळी निघालेला रविवार भांडण आणतो, सहा महिने आधी सांगितलेला आणत नाही. शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणि मग त्याहून कमी.

सायकल आणि धावणं तुम्हाला येतं, तेव्हा थोडक्यात. नवी सायकल घेऊ नका. ताशी २४ किमीने ९० किमी पावणेचार तासांत होतात. पोहायला पुरी १ तास १० मिनिटं, कपडे-बूट बदलायच्या दोन्ही वेळा मिळून १५ मिनिटं, धावायला २ तास ५० मिनिटं धरली तरी एकूण ८ तास, आणि मुदत साडेआठ तासांची आहे. पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे : दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, आणि दहा मिनिटांत चाक पुन्हा जागेवर. साताऱ्याची हवा गोव्याला उपयोगाची नाही, म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत आठ-दहा वेळा भर दुपारी ४० मिनिटं सावकाश धावा. घाम किती जातो ते तासाभराच्या सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून बघा; एक किलो घटलं तर एक लिटर गेलं, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवायचं. सायकलवर तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. घरचं पेय चालतं : लिटरभर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. नुसत्या ओआरएसवर विसंबू नका. त्यात मीठ भरपूर असतं, पण लिटरमागे ग्लुकोज जेमतेम साडेतेरा ग्रॅम. धावताना १५ व्या किलोमीटरला पाय ओढायला लागतात ते बहुधा साखर कमी पडल्यामुळेच. आणि जे सरावात खाल्लं नाही ते स्पर्धेत तोंडात घालायचं नाही.

राहिली नववीची मुलं. हे पुढच्या नोव्हेंबरपर्यंत लांबवू नका. पदक घेऊन आल्यावर सांगायचं ठरवलंत तर वर्षभर फळ्याकडे बघत शिकवावं लागेल, आणि ती मुलं तोवर दहावीत गेलेली असतील. येत्या सोमवारी तास सुरू होतानाच सांगा : 'मी झाली म्हणाले, ते खरं नव्हतं. दोनशे मीटरवर मला श्वास घेता येईना आणि मी बोटीत बसले. तुमचं शुभेच्छापत्र मी जपून ठेवलंय.' एवढंच, माफीचं भाषण नको. मग मुलांना एक श्वास घ्यायला सांगा, न सोडता त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आणि आता चौथा घ्या म्हणा. कुणालाच घेता येणार नाही. त्यांना श्वास सोडू द्या आणि सांगा, मिरामारला मॅडमचं हेच झालं होतं.