वाचकांचे प्रश्न : गालीलात एक दिवस पुरत नाही

प्रश्न : आमच्या मंडळीतले तीसेक जण पुढच्या वर्षी पवित्र भूमीच्या यात्रेला निघतोय. दहा दिवसांच्या कार्यक्रमात गालीलला एकच दिवस आहे. तेवढा पुरेल का? आणि जावे कधी?
– एक वाचक, पुणे कॅम्प

उत्तर : पुरणार नाही. यरुशलेमेत दगडी रस्ते, देवळे आणि गर्दी आहे, ती बघायलाच हवी. पण पेरणारा, जाळे, खळे, मेंढरे, दिवा, जाते हे सगळे दाखले खेड्यातले आहेत आणि ते खेडे गालीलात आहे. आमचे स्पष्ट मत असे की, दुकानांचे दोन थांबे गाळा आणि तळ्याकाठच्या तिबिर्या शहरात निदान दोन रात्री मुक्काम मागा.

पहिल्या दिवशी नासरेथ आणि काना उरकून संध्याकाळी तिबिर्यात उतरायचे. ‘उतरायचे’ हे खरोखरच. नासरेथ समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंचावर आहे, तर गालील समुद्राचे, म्हणजे तिथल्या मोठ्या तळ्याचे, पाणी समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून खाली. तास-पाऊण तासाच्या रस्त्यात बस साडेपाचशे मीटर खाली येते, कान दडे बसल्यासारखे होतात. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू कानाहून ‘खाली कफर्णहूमास’ गेला असे का म्हटले आहे, ते तिथे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बोट, मग कफर्णहूम, आणि बाराच्या आत आशीर्वचनांचा डोंगर. माथ्यावरचे चर्च दुपारी काही वेळ बंद असते आणि बहुतेक गट नेमके तेव्हाच तिथे पोचतात. जेवणानंतर खाली तळ्याकाठी ताबघा (पाच भाकरी-दोन माशांचे परंपरेचे ठिकाण), शेवटी मग्दलेच्या मरियेचे गाव मग्दला. तिसऱ्या दिवशी सकाळी ताबोर डोंगर करून पुढे निघा.

महिना म्हणाल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलचा मध्य. पाच हजारांना जेवू घालताना लोकांना ‘हिरव्या गवतावर’ बसवले असे मार्क लिहितो आणि वल्हांडण जवळ आला होता असे योहान लिहितो. दोघांचे बरोबर जुळते, कारण तिथला पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल असतो. हिरवे गवत वसंतातच दिसते, जूनमध्ये तेच डोंगर वाळून पिवळे पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिबिर्यात पारा 38 अंशांच्या आसपास जातो आणि वर दमटपणा. मुलांच्या शाळेच्या सुट्टीसाठी मे महिना धरणाऱ्यांनी टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नये.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. पैसे भरण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची त्या वेळची प्रवाससूचना वाचा आणि यात्रा रद्द झाली तर किती रक्कम परत मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या. 2023 नंतर त्या भागात परिस्थिती आठवड्यात बदलते, उत्तर सीमेजवळ तर विशेषच.

प्रश्न : पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकरून खाली सोडले. दगडी घराचे छप्पर असे उकरता येते का? आणि आज कफर्णहूमात जे ‘पेत्राचे घर’ दाखवतात ते खरे का?
– वाचक भगिनी, वानवडी

उत्तर : भिंती दगडाच्या, छप्पर मातीचे. उत्तर एवढेच, पण जागेवर नीट बघण्यासारखे आहे.

कफर्णहूमची घरे काळ्या पाषाणाची आहेत. आपल्या सह्याद्रीचा तोच बेसाल्ट, म्हणून पुण्याच्या माणसाला ते अवशेष परके वाटत नाहीत. दगड घडवलेले नाहीत. जसे मिळाले तसे रचून फटींत माती आणि खडे भरलेले, चुना नाही. असली भिंत दगडी छताचे वजन पेलत नाही. म्हणून वर लाकडी वासे, त्यावर फांद्या आणि बोरू, त्यावर मातीचा थर. जुन्या देशावरचे धाब्याचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे माळवद लगेच ओळखू येईल. पावसाआधी माती चोपायची, गळले की पुन्हा थर द्यायचा. असे छप्पर दोन-चार माणसे उकरू शकतात आणि दुरुस्तही करू शकतात. वर चढायला अंगणातून दगडी जिना असे, त्याच्या पायऱ्या तिथे आजही आहेत. लूक ‘कौले’ म्हणतो, कारण तो शहरी ग्रीक वाचकांना कळेल असे लिहीत होता. मार्कची ‘उकरण्याची’ भाषा गालीलच्या घराला जास्त जुळते.

घरे एकेकटी नसत. एका अंगणाभोवती चार-सहा खोल्या, दोन-तीन कुटुंबे, एक चूल, एक जाते. म्हणूनच पेत्राची सासू, भाऊ आंद्रिया आणि दारात जमलेले सगळे गाव एकाच प्रसंगात येतात.

आता दाखवतात त्या घराविषयी. 1968 पासून फ्रान्सिस्कन पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केले. खालून वर असे थर लागले : पहिल्या शतकातले साधे घर, त्यातली एक साधारण सात मीटरची खोली, जिच्या भिंतींना त्याच शतकात गिलावा केला होता, गावातल्या बाकी घरांना तो नाही, त्या गिलाव्यावर पुढच्या पिढ्यांच्या यात्रेकरूंनी कोरलेली प्रार्थनेची अक्षरे, चौथ्या शतकात त्या खोलीभोवती वाढवलेले उपासनागृह, आणि पाचव्या शतकात नेमके तिच्यावर केंद्र धरून बांधलेले अष्टकोनी चर्च. पेत्राच्या नावाची पाटी कोणाला सापडलेली नाही. पण इतक्या लवकर, इतक्या सातत्याने लोकांनी एकच खोली जपली, हा पुरावा हलका नव्हे. वर 1990 मध्ये बांधलेले चर्च खांबांवर उचललेले आहे, त्याच्या मधल्या काचेतून खाली पाहता येते.

शेजारच्या पांढऱ्या सभास्थानाबाबत मात्र सावध राहा. ‘प्रभूने इथे शिकवले’ म्हणून गाइड त्या पांढऱ्या खांबांकडे बोट करतात. ते चुनखडीचे सभास्थान चौथ्या-पाचव्या शतकातले आहे. भिंतीच्या तळाशी वाकून पाहा, पांढऱ्या दगडांखाली काळ्या पाषाणाचा थर दिसेल. शताधिपतीने बांधून दिलेले सभास्थान (लूक 7:5) असले तर ते त्या काळ्या थरात, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. फोटो काढायचा तर त्या जोडाचा काढा.

आवारात पाषाणाची जाती मांडून ठेवली आहेत. लहान, हाताने फिरवायचे जाते दोन बायकांचे (मत्तय 24:41). मोठे, कमरेएवढे, जनावर जुंपून फिरवायचे ते मत्तय 18:6 मधले, ज्याची तळी गळ्यात बांधायची. दोन्ही शेजारी पाहिली म्हणजे त्या वचनाचा धाक कळतो.

प्रश्न : मी शेतकरी आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी वाटेवर, खडकाळीवर, काट्यांत पडते. इतका निष्काळजी शेतकरी कुठे असतो?
– एक वाचक, केडगाव (ता. दौंड)

उत्तर : शंका पाभरीने पेरणाऱ्याची आहे आणि अगदी रास्त आहे. पाभरीत बी चाड्यातून नळीने थेट तासात जाते. तिथे बी हाताने फोकत, आणि बऱ्याचदा आधी फोकून मग नांगर फिरवीत. यहूदी परंपरेत शब्बाथ दिवशी वर्ज्य असलेल्या कामांची जुनी यादी आहे, तिच्यातही पेरणी आधी आणि नांगरणी नंतर येते.

हा क्रम धरला की चारही जागा सरळ होतात. सुगीनंतर पाच-सहा महिने रिकाम्या शेतातून लोक येजा करतात, पाऊलवाट पडते. पेरणारा तिच्यावरही फोकतो, कारण नांगर तिच्यावरूनही जाणार असतो. नांगर येईपर्यंत पाखरे येतात. खडकाळ जागा म्हणजे दगडधोंड्यांची नव्हे. तुमच्या भाषेत मुरमाड, चार बोटे मातीखाली सलग कातळ. पहिल्या पावसानंतर पातळ माती लवकर तापते, म्हणून बी इतरांआधी उगवते आणि ऊन चढले की तेच आधी करपते. मार्कने ‘लगेच उगवले’ लिहिले आहे ते शेतीच्या दृष्टीने अचूक आहे. काट्यांचे म्हणाल तर पेरताना काटे दिसतच नाहीत. हरळी-कुंद्यासारखी मुळे आणि मागच्या वर्षीचे बी मातीत असते, पिकाबरोबर वर येते. मार्चमध्ये कफर्णहूमच्या रस्त्याकडेला माणसाच्या छातीएवढे जांभळ्या फुलांचे काटेरी झाड दिसते, ते हेच.

तीसपट, साठपट, शंभरपट हा संपूर्ण शेताचा उतारा समजू नका. एका दाण्याला चार फुटवे आणि प्रत्येक ओंबीत पंचवीस दाणे धरले तर हिशेब शंभरावर जातो. चांगल्या जमिनीतल्या एखाद्या रोपाला ते जमते. सगळ्या रानाला जमले तर गाव तोंडात बोट घालील, आणि दाखला ऐकणाऱ्यांनाही तसेच वाटले असणार.

हंगाम आपल्या रब्बीच्या जवळचा : पेरणी नोव्हेंबरच्या सुमारास, जव एप्रिलमध्ये, गहू मे महिन्यात. उफणणी दुपारनंतर, कारण पश्चिमेचा समुद्रावरचा वारा तेव्हा येतो. नासरेथमध्ये पहिल्या शतकातल्या शेताची उभारणी केलेले ‘नासरेथ व्हिलेज’ आहे. खळे, पायऱ्यांची शेती, कातळात कोरलेला द्राक्षकुंड, तेलघाणा, माळा सगळे चालत दीड तासात होते. बहुतेक कंपन्या ते वगळतात, तुम्ही हट्ट धरा.

प्रश्न : कोळी रात्री का मासे धरत? आणि एवढ्याशा तळ्यात एवढे वादळ कसे?
– एक वाचक, खडकी

उत्तर : जाळी तागासारख्या जवसाच्या सुताची, जाड. दिवसा स्वच्छ पाण्यात माशांना दिसतात. म्हणून तिपदरी जाळे रात्री टाकत आणि सकाळी काठावर धुऊन वाळवत, नाहीतर सूत कुजते. लूक 5 मध्ये प्रभू येतो तेव्हा ते नेमके जाळी धूत आहेत. रात्रभर काही मिळाले नाही, जाळी धुऊन झाली आणि आता दिवसाउजेडी पुन्हा टाका म्हणतो! पेत्राच्या ‘तरी आपल्या सांगण्यावरून’ या शब्दांमागे हे सगळे आहे.

तळे 21 किलोमीटर लांब आणि 13 रुंद, पण खोलगट भांड्याच्या तळाशी. पश्चिमेचा गार वारा आर्बेलच्या कड्यांमधल्या खिंडीतून खाली कोसळतो आणि उथळ पाणी पटकन उसळते. हिवाळ्यात पूर्वेकडून गोलानवरूनही वारा येतो. उन्हाळ्यात दुपारनंतर लाटा वाढतात, म्हणून बोट सकाळी घ्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी विशेषच.

गिनोसारला 1986 च्या दुष्काळात पाणी मागे हटले तेव्हा चिखलात त्या काळची होडी सापडली : 8.2 मीटर लांब, 2.3 रुंद. ती जवळच्या संग्रहालयात आहे. तिच्यात बारा जातींचे लाकूड आहे, म्हणजे फळी फुटली की मिळेल तो तुकडा बसवलेला. बोटफेरीवाले नवीन मोठी लाकडी बोट ‘येशूची होडी’ म्हणून खपवतात. खरी संग्रहालयातच आहे.

जेवणात ‘पेत्राचा मासा’ मिळतो. डोक्यासकट तळलेला, बहुधा शेततळ्यात वाढवलेला तिलापिया. हा मासा गळाला सहसा लागत नाही, त्यामुळे नाणे मिळालेला मासा (मत्तय 17:27) दुसरा असण्याचा संभव जास्त. चवीला बरा आहे, काटे सांभाळा.

प्रश्न : कानाचे रांजण दगडाचेच का?
– वाचक भगिनी, पिंपरी

उत्तर : मातीचे भांडे विटाळले तर फोडावे लागे, दगडाला विटाळ लागत नाही असा नियम होता. काना-नासरेथच्या टापूत चुनखडी कोरून अशी भांडी बनवण्याचे कारखाने उत्खननात मिळाले आहेत. एका रांजणात अंदाजे 80 ते 120 लिटर, असे सहा. कफर कान्नातल्या चर्चमध्ये रांजण दाखवतात, तो ‘तोच’ म्हणून घेऊ नका.

प्रश्न : यार्देनित येथे प्रभूचा बाप्तिस्मा झाला का? आम्हाला तिथे बाप्तिस्म्याचे पुनःस्मरण करायचे आहे. तिथले पाणी आणि मोहरीचे बी आणता येईल का?
– एक वाचक, गुरुवार पेठ

उत्तर : नाही. यार्देनित तळ्यातून नदी बाहेर पडते तिथे आहे, 1981 मध्ये यात्रेकरूंच्या सोयीसाठी केलेले. परंपरेचे ठिकाण शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, यरीहोजवळ. पश्चिम काठावर कासर अल-याहुद आणि पलीकडे जॉर्डन देशात अल-मगतास, ज्याला 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. योहान 1:28 मधले ‘यार्देनेच्या पलीकडचे’ बेथानी ते हेच. पण यार्देनितचे पाणी स्वच्छ आहे, पायऱ्या आणि कठडे आहेत, कपडे बदलायला खोल्या आहेत. वयस्कांना तेच सोयीचे. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. पांढरा झगा तिथे भाड्याने मिळतो.

पाणी हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त चालत नाही. मोठी बाटली चेक-इनमध्ये, गळ्यापर्यंत न भरता, झाकणाला टेप लावून, दोन पिशव्यांत. ते पिऊ नका. माती आणि पेरायचे बी परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, तेव्हा मोहरीच्या पुड्या घेऊ नका. संडे स्कूलसाठी मंडईतली राई चालते. तिथली काळी मोहरी वेगळी, तळ्याकाठी दोन-तीन मीटर वाढते, तिचा फोटो आणा.

थोडक्यात उत्तरे : ताबोरावर मोठी बस जात नाही, वळणे अरुंद आहेत. पायथ्यापासून लहान गाड्या करतात, रांगेसाठी तासभर धरा. सगळीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम, हाफ पॅन्टवाल्यांना दारातून परत पाठवतात. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत यहूदी वस्तीत बस आणि बहुतेक दुकाने बंद. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले, तोच नियम. नासरेथमध्ये उलट, रविवारी दुकाने बंद. औषधे आणि सुटे पैसे शुक्रवारी दुपारीच घेऊन ठेवा.