दोरावरचा झुपका ओबेलियाच का?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकते. हर्णैला एका होडीच्या जुन्या दोरावर तिला पांढरट, नाजूक तंतूंचा झुपका मिळाला. ओबेलिया (वसाहत करून राहणारा एक समुद्री प्राणी, हायड्रॉइड) जगभर सापडतो, असे पुस्तकात आहे; म्हणून लेबलवर तिने तेच नाव लिहिलेय. चालेल ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : इतक्यात नको. पुण्यात समुद्र नाही. इथली मुले ओबेलिया पाहतात तो बोरॅक्स कार्मिनने गुलाबी झालेल्या तयार स्लाइडवर, आणि प्रॅक्टिकल घेताना मला नेहमी याचीच हळहळ वाटायची. तुमच्या लेकीच्या हाती खरा नमुना आहे, तर तो नीट पाहू द्या.

वसाहतीतल्या खाणाऱ्या पॉलिपांचे, म्हणजे नळीसारख्या छोट्या जीवांचे, पेले ओबेलिया आणि त्याचे नातलग क्लायटिया, लाओमेडिया या तिघांचेही साधारण सारखेच. ओळख पटते ती गोनोथीकेवरून, म्हणजे प्रजननाच्या कोशावरून. फांदीच्या बगलेत लांबट कोश शोधायला सांगा. ओबेलियात तो खाली निमुळता आणि तोंडाशी बहुधा सुरईसारखा आखूड मानेचा असतो. आत ब्लास्टोस्टाइलवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, चकत्यांसारख्या मेड्युसांच्या (छत्रीसारख्या पोहणाऱ्या पिढीच्या) कळ्या रचलेल्या दिसतात. मेड्युसा सुटून पोहतात, त्यांतले नर-मादी वेगळे, आणि फलनानंतरचा प्लॅन्युला (अळी) दुसरीकडे चिकटून नवी वसाहत उभारतो. लाओमेडियात मात्र मोकळा मेड्युसा नाहीच. अंडी कोशातच वाढतात आणि थेट प्लॅन्युला बाहेर पडतो. कोश नसेल तर हा फरक कशावरून करणार?

'जगभर' या शब्दावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. मेड्युसा वाहत जातात, वसाहती जहाजांच्या तळाला आणि तरंगत्या शेवाळाला चिकटून प्रवास करतात, हे खरे. पण लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेल्या ओबेलिया जेनिक्युलाटाचे जनुक तपासले, तेव्हा जपान, न्यूझीलंड आणि उत्तर अटलांटिकमधल्या वसाहती फार पूर्वीच वेगळ्या झालेल्या निघाल्या. कोश न बघता लावलेले प्रत्येक लेबल प्रसाराचा नकाशा आणखी बिघडवते.

नमुना वाळवू नका, ७० टक्के अल्कोहोलात ठेवा. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, शाई अल्कोहोलात उतरते. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, तिथे विचारा. कोश सापडले नाहीत, तर सध्या एवढेच लिहा : हायड्रॉइड, हर्णै, होडीचा दोर, तारीख.