२०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारत चीनविरुद्ध २-० पुढे असूनही बॅडमिंटनमधलं पुरुषांचं सांघिक सुवर्ण कसं हुकलं?

सांघिक लढतीत पाच सामने असतात: तीन एकेरी, दोन दुहेरी, आणि आधी तीन जिंकेल तो संघ विजयी. म्हणजे दोन जिंकलेत एवढ्यावर काही ठरत नाही.

पहिल्या एकेरीत लक्ष्य सेननं चीनच्या शी युकीला हरवलं, मग सात्विक-चिराग जोडीनं दुहेरी घेतली. पहिले दोन्ही पत्ते आपले हुकमाचे होते हो! खरी गोची मागे होती. आपला एकेरीचा खेळाडू प्रणॉय, त्याची पाठ दुखावली होती, तो फायनल खेळूच शकला नाही. त्यामुळे श्रीकांत वर, दुसऱ्या एकेरीच्या जागेवर सरकला आणि शेवटची एकेरी मिथुन मंजुनाथकडे आली. श्रीकांतनं पहिला गेम २२-२४ असा निसटता घालवला. माझ्या मते सुवर्ण तिथंच गेलं. दुसऱ्या दुहेरीत ध्रुव-साई प्रतीक जोडीचा निभाव लागला नाही, मिथुन १२-२१, ४-२१ हरला. निकाल चीन ३-२.

मिथुनला नावं ठेवू नका. आमच्या सोलापुरात रविवारी गल्लीच्या टीमा लावतो तेव्हाही हेच होतं: दोन तगडे गडी सगळ्यांकडं असतात, मॅच फिरते ती चौथ्या-पाचव्यावर. (त्यात मे महिन्यात शटल उडू नये म्हणून पंखे बंद. तिसऱ्या गेमला जीव जातो बघा.)

आणि हे रौप्यही साधं नाही. त्याआधी आपल्या पुरुष संघाची मजल १९७४, १९८२ आणि १९८६च्या कांस्यापर्यंतच होती. सात्विक-चिरागनं पुढं त्याच स्पर्धेत दुहेरीचं सुवर्ण घेतलं, एशियाड बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलं.