गणपतीला गावी न जाण्याचं खरं कारण

ताई, हसू नका. माझं वय ३८, राहणार डोंबिवली. मला कोळ्यांची भीती वाटते. लहानपणी गावच्या घरी माळ्यावरून आरासीचं सामान काढताना एक भलामोठा कोळी शर्टात शिरला होता, तेव्हापासून. मागच्या महिन्यात बाथरूमच्या दारामागे पंज्याएवढा कोळी दिसला, पोटाखाली पांढरी टिकली धरलेला. मी टॉवेलवरच बाहेर पळालो. बायकोने चपलेने मारला. सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, तू घाबरलास?" मी म्हणालो, पाय घसरला. आता दर रविवारी घरभर झुरळांचा फवारा मारतो. सिंधुदुर्गातल्या घरी तीन वर्षं गणपतीला गेलो नाही. कधी रजा नाही म्हणतो, कधी मुलीला ताप. आईला वाटतं, सुनेलाच गाव नको. परवा फोनवर म्हणाली, "बायलेक गाव नको झालो असात तर तसा सांग." मी गप्प बसलो. बायको यावर काही बोलत नाही. वडील दत्तभक्त, ते कोळी मारू देत नाहीत. रात्री अंगावर कोळी मुतला तर, या विचाराने तिथे झोपच येत नाही. काय करू?
– नाव छापू नका

नाही हसले. माझं वय ६४, आणि ओट्यामागे पाल दिसली की अजूनही फोडणी तशीच जळत ठेवून मी हॉलमध्ये पळते. तेव्हा कुणी कशाला घाबरावं यावर तुमची उलटतपासणी घ्यायचा मला अधिकारच नाही.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे आवरून छापलंय. त्यातली तीन पानं कोळ्याची. त्याचा रंग, त्याचे केस, तो किती जोरात धावतो. बायकोच्या वाट्याला आली एक ओळ: "यावर काही बोलत नाही." मी त्या ओळीवरच अडले. तीन भाद्रपद ती सासूच्या मनात गावाचा कंटाळा असलेली सून म्हणून वावरते आहे. आणि ज्या कारणाने तुम्ही जात नाही, ते कारण तुमच्या बाथरूममध्ये तिनेच चपलेने निपटलं! तुम्ही घाबरता, त्याला माझ्याकडून पूर्ण माफी. आईने तिच्यावर खापर फोडलं तेव्हा तुम्ही फोन कानाला धरून गप्प राहिलात, त्याला नाही.

म्हणून कोळ्याचं नंतर, आधी आईला फोन. बायको समोर बसलेली असताना करा, तिला ऐकू जाऊ दे. प्रस्तावना नको. "आई, तीन वर्षं आलो नाही ते माझ्यामुळे. मला घरातल्या कोळ्यांची भीती वाटते. ती दर वर्षी चला म्हणायची." शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा, माझा अंदाज आहे की खरं असेल. आई हसेल. चुलतभाऊ आरतीनंतर सगळ्यांदेखत थट्टा करतील, एखादा मागून मानेवर गवताची काडीही फिरवेल. कोकणात माणूस टोपणनावाशिवाय सुटत नाही, तुम्हालाही एक मिळेल. घ्या.

आता तुमचा दारामागचा पाहुणा. पंज्याएवढा, चपटा, तपकिरी आणि जाळं न विणणारा म्हणजे तो शिकारी कोळी. रात्री भिंतीवर फिरून झुरळं पकडतो, दिवसा दारामागे, कॅलेंडरमागे किंवा मीटरच्या पेटीमागे दडतो. ती पांढरी टिकली म्हणजे अंड्यांची पिशवी. ती पोटाखाली धरून फिरते ती मादी, आणि तेवढ्या दिवसांत ती सहसा शिकारही करत नाही. एका पिशवीत शेकड्याने अंडी असतात. तेव्हा त्या दिवशीची चप्पल तुम्ही समजता तेवढी निकालाची नव्हती.

तो तुमच्या अंगावर धावून येत नाही, त्याला फट हवी असते. मुठीत धरला तर चावेल, दुखेल, थोड्या वेळाने थांबेल. कोपऱ्यात लांब बारीक पायांवर लोंबकळणारे, फुंकर मारली की थरथरणारे, ते जळमटवाले कोळी वेगळे. ते डास धरतात. आणि खिडकीच्या चौकटीवर टुणटुणणारा, मान वळवल्यासारखं करून आपल्याकडे बघणारा छोटा उडी मारणारा कोळी तर मुलं पाळायला मागतील असा असतो. यातला कुठलाच तुमच्या जिवावर उठणारा नाही. आणखी एक: कोळी वाढताना कात टाकतो. ती कात हुबेहूब मेलेल्या कोळ्यासारखी दिसते, आठही पायांसकट. वर्षभर बंद असलेल्या घरात भिंतीला चिकटलेलं जे जे दिसतं, त्यात अशा रिकाम्या काती बऱ्याच असतात.

"कोळी मुतला" हे आपल्याकडे घरोघर म्हणतात. अंगावर आग होणारे फोड उठले की आळ कोळ्यावर. प्रत्यक्षात ती पुष्कळदा नागीण असते, किंवा पावसाळ्यात दिव्याला येणारा तो नारिंगी-काळा बारीक किडा झोपेत अंगाखाली चिरडला गेलेला असतो; त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. असा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा आणि ती जागा साबणाने धुवा. फोड एकाच बाजूला पट्ट्यात उठले आणि ठणकायला लागले तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. नागिणीचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं, आणि गेरू लावण्यात लोक नेमके तेच तीन दिवस घालवतात.

फवारा बंद करा. सहा वर्षांची पोर त्याच खोलीत श्वास घेते. खिडकीजवळचा दिवा रात्री कमी लावा म्हणजे किडे येणार नाहीत. न्हाणीच्या मोरीला जाळी बसवा, पलंगाखालचे पुठ्ठ्याचे खोके रद्दीत द्या. खायला काही उरलं नाही की कोळीही मुक्काम हलवतो.

तुमच्या वडिलांचं म्हणणं अगदी पोथीतलं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात कोळी आहे: स्वतःतून धागा काढतो आणि पुन्हा गिळतो. (त्याच यादीत कुंभारीण माशीही आहे. ती कोळ्यांना डंख मारून लुळे करते आणि मातीच्या घरट्यात पिल्लांसाठी भरून ठेवते, पण हे वडिलांना सांगायला जाऊ नका.) इथे मला कीर्तन करायचा मोह होतोय, आवरते.

भीतीवर खरंच उपाय आहे. टाळत गेलं की ती वाढते, म्हणून उलट दिशेने, पण पायरीपायरीने जायचं. मुलीला सोबत घ्या. आधी दोघांनी कागदावर कोळी काढा, आठ पाय मोजून. मग फोटो. मग मोबाइलवर चालणारा कोळी. मग खिडकीवरचा तो छोटा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून. प्रत्येक पायरीवर छातीतली धडधड ओसरेपर्यंत जागा सोडायची नाही. ती ओसरते, एवढंच शरीराला कळायला हवं. मध्येच उठून पळालात तर शरीर उलटंच शिकतं. एकट्याने जमलं नाही तर मानसशास्त्रज्ञाकडे जा, यात वर्षं जात नाहीत. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये अशा भीतींसाठी एकाच बैठकीचा उपचार मांडला, फार तर तीन तासांचा. आपल्याकडेही याच धर्तीवर काम करणारे समुपदेशक भेटतात.

मुलीला सांगा, पाय घसरला नव्हता. तिला ते माहीतच आहे. मुलं आईबापांच्या भीती बघून उचलतात, पण बाप घाबरूनही फोटो बघत बसलाय हेही ती बघेलच.

गावी माजघरात सगळ्यांबरोबर झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावा आणि ती चारी बाजूंनी गादीखाली खोचा. त्यात कमीपणा नाही. डासांसाठी म्हणा हवं तर, एवढं खोटं चालेल. कपडे झटकून घाला. रात्री मागीलदारी जाताना बॅटरीचा झोत आधी भिंतीवर टाका, म्हणजे तो अचानक समोर येणार नाही.

आणि बायकोला चप्पल खाली ठेवायला सांगा. श्रीखंडाचा रिकामा डबा कोळ्यावर उपडा घालायचा, कडेने भिंतीला लागून जुनी लग्नपत्रिका हळूच सरकवायची, अंगणापलीकडे नेऊन सोडायचा. डबा मी मुद्दाम अपारदर्शक सांगते आहे, सुरुवातीला तुम्हाला आतलं दिसायला नको. पहिल्या वर्षी डबा तिने धरावा, पत्रिका तुम्ही सरकवा.

अर्ध्या किलोचा घ्या. पाव किलोच्यात पाय मावत नाहीत.